येतानाची मिनिटं

ऑफिसात मला 'टेप' म्हणत. घरं विकून देणाऱ्या एका कचेरीत मी मोजणीला होतो. विकायला आलेल्या घरात जायचं, खोल्या मोजायच्या, कुठली खिडकी कुठल्या दिशेला उघडते ते टिपायचं आणि मग बाहेर पडून आसपासच्या सोयींचा तक्ता भरायचा. शाळा किती मिनिटांवर, दवाखाना किती, बसथांबा किती. गिऱ्हाइकं खोल्यांची मापं वाचतही नसत, पण तक्ता मात्र ओळीवर बोट ठेवून वाचत.

आमच्या तक्त्याला दोन रकाने होते, जाताना आणि येताना. इतर कचेऱ्यांत एकच असतो. पण आमचे साहेब हट्टी. येताना चढ लागतो, हातात पिशव्या असतात, पोर कडेवर झोपलेलं असतं, तेव्हा येतानाची मिनिटं वेगळीच असतात, हे त्यांचं म्हणणं. "टेप, माणूस घर घेतो ते परत येण्यासाठी," ते म्हणत. "जायला काय, कुठूनही जाता येतं." म्हणून दोन्ही वेळा घड्याळ लावून पायी चालायचं आणि जी मिनिटं भरतील तीच लिहायची. मी नाकासमोर चालणारा माणूस. अठरा वर्षांच्या नोकरीत मी एकही आकडा मनानं लिहिला नव्हता. एक सोडून.

तो आकडा मी ज्या घरात बसून हे लिहितो आहे त्या घराचा.

हे घर शहराच्या कडेला आहे. उतरतं छप्पर, खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. पुढच्या बाजूला रस्ता, मागच्या बाजूला छोटं अंगण आणि अंगणाला लाकडी फाटक. फाटकाबाहेर एक गल्ली. दोन्हीकडे घरांच्या मागच्या भिंती, भिंतींवरून डोकावणारी झाडं, मध्ये दगडी फरशी. ती गल्ली थेट पोहण्याच्या तलावाच्या मागच्या दाराशी निघते. मी मोजणीला आलो त्या दिवशी शाळेची घंटा अंगणात ऐकू येत होती आणि बेकरीच्या पावाचा वास वरच्या खोलीपर्यंत पोचत होता. बेकरी दोन मिनिटं, येताना दोन. बसथांबा तीन, येताना तीन. दवाखाना चार, येताना चार. वाचनालय पाच, येताना सहा. शाळा सात, येताना आठ. सगळं मी चाललो.

राहिला तलाव. त्या दिवशी गल्ली पाइपासाठी खणलेली होती. मी नकाशावर दोरा ठेवला, दोरा पट्टीवर धरला आणि 'जाताना' खाली नऊ लिहिलं. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. 'येताना' खाली मात्र हात अडखळला. एक खोटं पचलं होतं, दुसरं घशाखाली उतरेना. तिथं मी एक छोटी आडवी रेघ ओढली. उद्या येऊन चालू, तेव्हा भरू, असं मनाशी म्हटलं.

उद्या दुसरी घरं होती. रेघ तशीच राहिली.

घर बघायला आलेल्या कुटुंबाचा बेत मोडला आणि तक्ता माझ्याच टेबलावर पडून राहिला. एका संध्याकाळी तो मी घरी नेला आणि बायकोला वाचून दाखवला. आम्ही तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत चौघं राहत होतो: मी, बायको, माझी आई आणि आमची नऊ वर्षांची मुलगी. मुलीचं नाव काहीही असो, सगळे तिला भिंगरी म्हणत. कारण ती एका जागी ठरत नसे, आणि दारातून बाहेर पडली की हटकून मागे फिरे, कारण काहीतरी विसरलेलं असे. कधी डबा, कधी दप्तर, एकदा तर पायातली चप्पल. आई म्हणे, "पोरगी सकाळी एकदा जाते आणि तीनदा येते."

तलावाची ओळ वाचली तसं भिंगरीनं तक्ता माझ्या हातातून ओढूनच घेतला. "बाबा, नऊ मिनिटं? फक्त नऊ?"

"नऊ," मी म्हणालो.

तिच्या त्या तोंडाकडे बघून आम्ही घर घेतलं. रेघेबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही.

नव्याची नवलाई होती तोवर आम्ही चौघं संध्याकाळी मिळूनच तलावावर जात होतो. पहिल्याच दिवशी मी सवयीनं घड्याळ लावलं. नऊ मिनिटं. बरोबर नऊ, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. न चालता लिहिलेला आकडा तंतोतंत निघाला याचा मला, खरं सांगतो, अभिमानच वाटला. दुसऱ्या दिवशी भिंगरी पळत गेली आणि मी तिच्या मागे पळालो. नऊ. तिसऱ्या दिवशी आई काठी टेकत आली. तिचे गुडघे असे की बेकरीपर्यंत जायला तिला पाव तास लागे. ती मध्ये दोनदा थांबली, एका भिंतीवरून लोंबणारी फुलं तिनं हात उंचावून हुंगली, माझ्या कामाची चौकशी केली. तलावाच्या दारात मी घड्याळ पाहिलं. नऊ.

"बघ," आई म्हणाली, "या रस्त्यानं माझे पाय दुखतच नाहीत. अगदी स्वप्नात चालल्यासारखं वाटतं."

मला ते नीटसं आवडलं नाही. पण आई किती वर्षांनी आपल्या पायांनी कुठेतरी पोचली होती. तिच्या आनंदात मीठ कालवायला मी काही इतका करंटा नव्हतो.

ती गल्ली खरोखर तशीच होती. संध्याकाळचं ऊन भिंतींवरून सांडायचं आणि झाडांची सावली पाण्यासारखी फरशीवर हलायची. कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ ऐकू यायचा, पण कधी कुणी दिसायचं नाही. चालताना आपण चालतो आहोत हे विसरायला व्हायचं.

परतताना आम्हाला अर्धा तास लागला. आईचे गुडघे, मी म्हटलं.

मग भिंगरी एकटी जाऊ लागली. तलावावर पोरांना शिकवायला एक काका होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्यांना शिट्टीकाका म्हणत. त्यांच्या नजरेखाली ती तासभर पोहायची आणि चपला हातात घेऊन अनवाणीच घरी यायची. तिची ओली पावलं फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत उमटायची आणि बायको फडकं घेऊन मागोमाग पुसत जायची. "अगं, जरा पाय पुसत जा! आत्ताच लादी पुसली मी." हे रोजचं.

एका शनिवारी पाचला सुटलेली भिंगरी सहा वाजायला दहा मिनिटं असताना आली. बायकोनं विचारलं, "कुठे रेंगाळलीस?"

"कुठे नाही. सरळ आले."

"सरळ? पन्नास मिनिटं?"

"खरंच, आई! विचार हवं तर." कुणाला विचारायचं ते तिलाच सांगता येईना.

मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या वेणीच्या टोकातून पाणी ठिबकत होतं, जणू आत्ताच पाण्यातून निघाली होती. पन्नास मिनिटांत केस इतके ओले राहत नाहीत. पण ही गोष्ट मोजण्यासारखी नव्हती, म्हणून मी ती सोडून दिली.

पुढच्या आठवड्यात तिला अडीच तास लागले. मी तलावावर फोन केला, शिट्टीकाका म्हणाले, पोर केव्हाच गेली. बायको रडकुंडीला आली होती. मी चपला घालून फाटकाशी पोचलो तर समोरून भिंगरी उड्या मारत येत होती, हातात तलावाच्या दारात मिळणारी आईस्क्रीमची लाल कांडी. ऊन मी म्हणत होतं. कांडी जराही वितळलेली नव्हती.

"कांडी कधी घेतलीस?" मी विचारलं.

"आत्ता." तिनं जीभ काढून दाखवली. ती फक्त टोकाला लाल झाली होती.

त्या रात्री मी बैठकीतल्या खणातून तक्ता काढला. तलावासमोरच्या रेघेकडे मी बराच वेळ बघत बसलो. मग ठरवलं. भूत-खेत मानणारा मी नव्हे, पण पायऱ्या निसरड्या असतील तर त्या का निसरड्या आहेत हे न कळताही माणूस दुसऱ्या जिन्यानं उतरतोच की. तलावाच्या पुढच्या दारातून बस सुटते, ती मोठ्या रस्त्यानं वळसा घालत वीस मिनिटांत आमच्या थांब्यावर येते. मी भिंगरीला सांगितलं, जाणं-येणं बसनं. गल्ली बंद. तिनं गाल फुगवले, पण ऐकलं. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. बस वीस मिनिटं घ्यायची, येतानाही वीस.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या पोहण्याची परीक्षा होती. सकाळची वेळ, तिची नेहमीची धांदल, आणि आमच्या डोळ्यांदेखत बस निघून गेली. पुढची बस अर्ध्या तासानं. भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी हिशेबी माणूस. मी विचार केला, जाताना काहीच होत नाही. जाताना नऊ म्हणजे नऊ. घोळ आहे तो येतानाचा.

"जा गल्लीनं," मी म्हणालो. "पण येताना बसनं यायचं. पुढच्या दारानं बाहेर पडायचं. मी थांब्यावर उभा असेन. काय सांगितलं?"

"येताना बस, पुढचं दार," ती म्हणाली आणि पळाली. दहा पावलांवरून मागे फिरली. "बाबा, टॉवेल!" मी टॉवेल टाकला, तिनं तो झेलला आणि वळणावरून ती दिसेनाशी झाली. पोहण्याचे निळे गॉगल तिच्या कपाळावर चढवलेले होते.

दहाला मी थांब्यावर उभा राहिलो. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. मग मी समोरून तलावाकडे जाणारी बस धरली. शिट्टीकाका पाण्यातली पानं जाळीनं काढत होते.

"पहिली आली की हो तुमची पोर!" ते म्हणाले. "आत्ताच गेली मागच्या दारानं. आणि हे बघा, नेहमीसारखे विसरून गेली." त्यांनी भिंतीच्या खुंटीवरून निळे गॉगल काढून माझ्या हातात दिले.

ती विसरली होती. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या आणि ती भिंगरी होती.

मागच्या दाराला एकच पायरी आहे. तिच्यावर एक ओलं पाऊल होतं. डावं, लहान, बोटं आमच्या घराकडे. त्याच्या पुढे गल्ली कोरडी होती.

मी हाका मारत गल्लीत शिरलो. पायाखाली फरशी, दोन्हीकडे भिंती, तोच रेडिओ. वाटेत कुणी नाही. मी घड्याळ लावलं होतं, हात आपोआप ते करतो. बारा मिनिटांत मी आमच्या फाटकाशी पोचलो आणि आत गेलो.

बैठकीत बायको बसली होती. तिच्या शेजारी माझी मेहुणी, समोर पोलीस. सगळे माझ्याकडे बघत राहिले. बायकोचे डोळे खोल गेले होते. ती उठली आणि तिनं माझ्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली.

मला बारा मिनिटं लागली होती. त्यांना एकवीस दिवस.

भिंगरी आली नव्हती. मी पूर्ण गल्ली चालून आलो होतो, म्हणजे कुठेतरी मी तिच्या शेजारून, तिला ओलांडून आलो असणार. हा विचार आजही मला जेवताना ताटावरून उठवतो.

पोलिसांनी तलाव उपसला, गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार वाजवलं, माझी चार-चार तास उलटतपासणी केली. त्यांचं काही चुकलं नाही. बायकोला मी सगळं सांगितलं, रेघेसकट. तिनं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "पुन्हा त्या वाटेनं परत यायचं नाही. तुम्हीही गेलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्या वाटेनं जायला मात्र बंदी नव्हती. मी दुसऱ्या सोमवारी गल्लीनं तलावाकडे गेलो. पायरी कोरडी होती. पायरीच्या अलीकडे, फरशीवर, एक ओलं पाऊल होतं. उजवं.

ते वाळेना. मी रुमालानं टिपलं, तर ते पुन्हा ओलावलं. भर दुपारी, चटके बसतील अशा फरशीवर ते तसंच राहिलं. पुढच्या सोमवारी ते वाळलं आणि त्याच्यापुढे एक डावं उमटलं. त्याच्या पुढच्या सोमवारी उजवं. पाच आठवडे मी बघितलं आणि मग दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक घेऊन गेलो. गल्ली सहाशे बावन्न मीटर. एक पाऊल पंचेचाळीस सेंटिमीटर. आठवड्याला एक पाऊल.

मी स्वयंपाकघरात बसून भागाकार केला. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती.

"म्हणजे येतेय ती," ती म्हणाली.

"येतेय."

"किती?"

"अठ्ठावीस वर्षं."

ती खुर्चीवर बसली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "तिला भूक लागली असेल का हो?"

"तिला बारा-पंधरा मिनिटंच झाली असतील," मी म्हणालो. "फार तर जरा थंडी वाजत असेल."

त्या दिवसापासून बायकोनं एक जाड टॉवेल रोज सकाळी मागच्या अंगणात दोरीवर उन्हात घालायला सुरुवात केली. उबदार राहावा म्हणून. गॉगल मी दारामागच्या खिळ्याला टांगले. आली की आधी तेच शोधेल, असं मला वाटलं.

अठ्ठावीस वर्षं कशी गेली हे विचारलंत तर सांगतो, सोमवार-सोमवार करत गेली. दर सोमवारी सकाळी मी गल्लीनं जायचो, पावलाजवळ उकिडवा बसायचो, टेप लावायचो. एकवीस सेंटिमीटर. एक मिलिमीटर वाढलं नाही. तिथं मी कितीही वेळ बसलो, तिच्याशी दोन शब्द बोललो, कधी रडलो, तरी तलावाच्या दारात घड्याळ नऊ मिनिटंच दाखवायचं. मग पुढच्या दारानं बस धरून घरी यायचो. बायको विचारायची, "कुठवर आली?" आणि मी सांगायचो, "पिवळ्या भिंतीपाशी." "गंजक्या दारापाशी." "वळणावर." भिंगरी वळणावर आली त्या वर्षी बायकोनं एकदम वरची खोली रंगवून घेतली.

तक्त्याशीही मी झटापट केली. रेघेच्या जागी नऊ लिहून पाहिलं, मग दहा, मग एक. खोडून खोडून त्या चौकोनात भोक पडलं. साहेब निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, "न चालता भरू नकोस एवढंच शिकवलं होतं रे तुला." ते मला वेडा समजले की नाही, मला अजून कळलेलं नाही.

सहाव्या वर्षी आई गेली. शेवटी शेवटी ती म्हणायची, मला त्या गल्लीनं एकदा न्या, माझे पाय दुखत नाहीत तिथं. मी नेलं नाही. शिट्टीकाका गेले, तलावाच्या फरश्या दोनदा बदलल्या, बेकरीच्या जागी औषधांचं दुकान आलं. माझे गुडघे आईचे झाले.

गेल्या सोमवारी पाऊल फाटकाबाहेर होतं. एका पावलाच्या अंतरावर.

या सोमवारी बायको उजाडायच्या आत उठली. तिनं नऊ वर्षांच्या मुलीचे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले, दूध तापवलं, टॉवेल उन्हात घातला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. केस तिनं नीट विंचरले होते. "म्हातारी दिसते का हो मी? ओळखेल ना?" तिनं मला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी म्हटलं, तुझा आवाज तोच आहे.

साडेआठला मी आत माझा चष्मा शोधत होतो. बायकोची किंकाळी ऐकू आली.

मी बाहेर धावलो. ती फाटक धरून उभी होती. फाटक अर्धवट उघडं होतं.

"आली होती," ती म्हणाली. "फाटकावर हात ठेवला तिनं. बोटं दिसली मला. पाण्यानं सुरकुतलेली. कडी वाजली आणि म्हणाली, 'आई गं, गॉगल राहिले! आलेच दोन मिनिटांत.'" तिनं गल्लीकडे बोट दाखवलं. "मी उठेपर्यंत पळाली हो."

फाटकाबाहेर ओलं पाऊल होतं. बोटं तलावाकडे.

गॉगल आमच्या दारामागे होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आई तिला नेहमी चिडवायची. कळसा मीच उचलून आणला होता.

मी खिळ्यावरून गॉगल ओढले. बायको तलावावर फोन लावत होती, तो नुसता वाजत होता. मी पळालो.

गल्लीत पावलं होती. एक नाही, शेकडो. लांब लांब टाकलेली, पळणारी, ओली, माझ्या पुढे ओळीनं गेलेली आणि माझ्या डोळ्यांदेखत उन्हात वाळत चाललेली. मी हाका मारल्या. माझ्या छातीत कळ आली, तरी मी थांबलो नाही. थांबलो असतो तरी काही बिघडलं नसतं.

नऊ मिनिटं.

तलावाच्या मागच्या दाराशी एक तरुण मुलगी फोन ठेवत होती. नवी असावी.

"एक मुलगी आली होती?" मी विचारलं. "लहान. ओली."

"हो, आत्ताच. निळे गॉगल विचारत होती. मी म्हटलं, इथं काहीच नाही राहिलेलं." ती हसली. "तर म्हणाली, मग बाबांनीच नेले असतील. गोड आहे. नात का तुमची?"

"गेली?"

"तुम्ही आलात आणि ती गेली. जेमतेम दोन मिनिटं झाली."

पायरीवर एक ओलं पाऊल होतं. डावं. बोटं आमच्या घराकडे.

मी बसलो आणि टेप लावली. एकवीस. पुढची गल्ली कोरडी होती.

खूप वेळ मी त्या पायरीवर गॉगल हातात घेऊन बसून होतो. माझं वय एकोणसत्तर आहे. बायकोचं सहासष्ट. भागाकार मला पाठ आहे. समोर गल्ली होती, भिंतींवर ऊन होतं, कुठेतरी रेडिओ लागला होता. पाय उचलावासा वाटला. पण मी बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता, आणि ती घरी एकटी होती.

बसला वीस मिनिटं लागली.

बायको मागच्या पायरीवरच होती. टॉवेल तिच्या मांडीवर होता. तिनं माझ्या हातातल्या गॉगलकडे पाहिलं, मग माझ्या मागे, रिकाम्या अंगणाकडे.

"भेटली?"

"निघाली आहे तिथून," मी म्हणालो.

ती टॉवेलवरून हात फिरवत राहिली. मग तिनं मान वर केली.

"किती वेळ लागेल हो?"

"नऊ मिनिटं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. टॉवेल उलटा करून तिनं तो पुन्हा उन्हात घातला.